पाळणा तेवढा भरू नकोस

१२ फेब्रुवारी

प्रिय शेपूट,

आज कुरिअरने एक गाठोडं पाठवलंय. उघडताना कात्री जपून चालव. लहानपणी पतंगाला शेपटी लावायला माझा नवाकोरा टॉवेल कापलास ते मी विसरलेले नाही.

आत माझी चादर आहे. तीच, जुन्या पडद्यावर चौकोन आखून भरलेली. घर बदलायचं ठरलंय. गुडघे आता जिना चढायला तयार नाहीत आणि मीही त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलंय. तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. आवराआवरीत ट्रंक उघडली, तर उंदराने चादरीची एक कड कुरतडून ठेवलेली. ट्रंकेत इतके कपडे होते, पण त्याने माझीच चादर निवडली. त्या घरात शेवटी एकाला तरी माझ्या कामाची चव कळली म्हणायची.

तुझी कंपनी पडदे-उशाच करते, शिवणाऱ्या बायकांना तिथे तोटा नसेल. एखादीकडून नवी पट्टी लावून घे. माझे डोळे आता सुई एकीकडे आणि दोरा दुसरीकडे, असे झालेत.

नव्या खोलीत पलंगासमोरची भिंत मोकळी आहे. आयुष्यभर ही चादर ट्रंकेत पडून राहिली, कारण ती दिसली की तुझी आई म्हणायची, "बसलीस का पुन्हा दोऱ्याशी खेळत?" आता कुणी म्हणणारं नाही. सकाळी डोळे उघडले की ती मला समोर हवी आहे. या वयात माणसाला समोर काहीतरी आपलं लागतं.

एकच सांगणं. कड सोडून कुठेही सुई लावू द्यायची नाही. चौकोनातल्या पाळण्याला तर मुळीच नाही. तो आतून मोकळा आहे, आणि शिवणाऱ्या बायका हौशी असतात. एखादी म्हणेल, अगंबाई, हा भरायचा राहिला वाटतं. तिला सांग, तो राहिलेला नाही, ठेवलेला आहे. तुला वेगळं काही सांगायला नको.

तुझ्या दादाचा फोटो सगळ्यांत आधी नव्या घरात नेऊन ठेवला. तिथेही तो गप्पच आहे.

तुझी
वहिनी

५ मार्च

प्रिय वहिनी,

गाठोडं मिळालं. कात्री लावलीच नाही, दातांनी गाठ सोडवली! चादर माझ्या बैठकीच्या खोलीत दोरीवर टांगलीय आणि मी समोर चहा घेऊन बसलेय. चहा निवून गेला.

लहानपणी तुझ्या मांडीवर तिचा एखादा तुकडाच दिसायचा. अख्खी अशी मी कधी पाहिलीच नव्हती. काय करून ठेवलंयस गं हे! मी दिवसभर टाके बघते, पण ते मशीनचे, शाळेच्या रांगेत उभ्या केलेल्या पोरांसारखे. तुझा एक टाका दुसऱ्यासारखा नाही. कुठे निवांत होतीस आणि कुठे दूध उतू जायला लागलं म्हणून उठलीस, सगळं कळतं.

आता मला नीट सांग. बादली ओळखली. दारातले बूट दादाचे ना? पण बसला चाकं का नाहीत? आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात तो चष्मा कशाला? दोरे कुठून आणायचीस? अगदी सविस्तर लिही, तू बोलतेस तसंच. मी आपलं सहज विचारतेय.

कडेसाठी एक बाई बघितलीय. हात छान आहे, पण वेळ लावते. थोडा धीर धर.

पाळण्याचं लक्षात आहे. ते कसं विसरेन?

तुझं
शेपूट

२० मार्च

प्रिय शेपूट,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "जेवायला वाढ" आणि "नळाचं पाणी गेलं का" हे दोन प्रश्न सोडले तर त्या घरात मला कुणी काही विचारल्याचं आठवत नाही. चादरीबद्दल तर कुणीच नाही. तेव्हा आता ऐक, आणि कंटाळलीस तर तुझी तू.

बादली तळाला गळायची. फरशी पुसायला घेतली की मी पुढे आणि पाण्याची ओळ मागे. नवी घ्या म्हटलं की तुझी आई म्हणायची, "गळते ना? मग भरभर पूस." म्हणून बादलीपासून दारापर्यंत निळे टाके गेलेत. तो निळा दोरा तुझ्या दादाच्या स्वेटरचा. कोपर फाटल्यावर मी तो उसवला आणि महिनाभर तुझा दादा तो शोधत होता. मीही त्याच्याबरोबर शोधू लागले.

बूट त्याचेच. घरात असला तरी टोकं बाहेर. लग्नानंतर कितीतरी दिवस मला धास्ती वाटायची, हा माणूस कधीही उठून निघून जाईल. मग कळलं, त्याला वाकून बूट फिरवायचा कंटाळा.

बसला चाकं नाहीत, कारण ओट्यामागच्या खिडकीतून मला ती कधी दिसलीच नाहीत. कुंपणाच्या भिंतीवरून नुसतं टप आणि माणसांची डोकी सरकत जायची. मी जे पाहिलं ते भरलं.

आणि चष्म्याचं काय विचारतेस! तुझी आई. कुठल्याही खोलीत जा, चष्मा आधीच पोचलेला.

पाळण्याचं तू विचारलं नाहीस, बरं केलंस. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी आले, तेव्हा सगळ्या घराची अळीमिळी गुपचिळी. लवकरच पाळणा मोडला आणि त्याच्या फळ्यांची स्वयंपाकघरात मांडणी केली, डबे ठेवायला. पुढे जन्मभर साखरेचा डबा मी त्या फळीवरून काढला. एक तू तेवढी, दोन वेण्या घातलेली, माझ्या अंथरुणाशी येऊन बसलीस आणि विचारलंस, "वहिनी, तिचं नाव काय ठेवणार होतात?" मी ते तुझ्या कानात सांगितलं. तुझ्या दादालाही मी ते कधी सांगितलं नाही. तू म्हणालीस, कुणाला सांगणार नाही, आणि नाही सांगितलंस. एवढ्याशा पोरीच्या पोटात एवढी मोठी गोष्ट राहिली, याचं मला अजून कौतुक आहे.

त्याच दिवसापासून आपण एकमेकींना "तू" म्हणायला लागलो, आठवतं? तोवर तुझ्या आईच्या धाकाने मी त्या वेण्यांना "वन्सं, तुम्ही" म्हणायची. तू ठणकावलंस, पुन्हा तुम्ही म्हटलंस तर ओ देणार नाही. आणि सुईमागे दोरा तशी घरभर माझ्या मागे फिरायला लागलीस. शेपूट ते तेव्हापासूनचं.

मेअखेरीस सामान हलवणार. त्याआधी चादर येऊ दे. भिंत रंगवून ठेवली आहे.

तुझी
वहिनी

१० जून

प्रिय वहिनी,

घाईत लिहितेय, रागावू नकोस. कडवाली बाई नेमकी आजारी पडली. चादर सुरक्षित आहे, तू काळजी करू नकोस. कामाचा इथे नुसता डोंगर आहे, नवा माल बाजारात जायचाय आणि मला जेवायलाही फुरसत नाही.

तोवर सोबतची चादर पलंगावर घाल. आमच्याच कंपनीची आहे, मऊ आहे, धुवायला सोपी. नव्या घरात रुळलीस ना? गुडघे काय म्हणतात?

तुझं
शेपूट

२ ऑगस्ट

प्रिय शेपूट,

गुडघे खूश आहेत. तुझी चादर घातली. इतकी गुळगुळीत आहे की रोज सकाळी मी भिंतीला टेकलेली असते.

सुताराकडून भिंतीत खिळे ठोकून घेतले. तो विचारतो, "आजी, फोटो कुठाय?" म्हटलं, प्रवासात आहे. परवा पुन्हा भेटला तर म्हणतो, "लांबचा प्रवास दिसतोय."

त्या कडवाल्या बाईला झालंय तरी काय? बिचारीला एवढं बरं नसेल तर तिच्या मागे लागू नकोस. चादर आहे तशी पाठव, कुरतडलेली. मला उंदीर चालेल.

रागावलेले नाही. रोज उठून खिळ्यांकडे बघायचा कंटाळा आलाय, एवढंच.

तुझी
वहिनी

२९ ऑक्टोबर

वन्सं,

माझ्या मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते काल कळलं.

दाढ ठणकत होती म्हणून दातांच्या दवाखान्यात गेले होते. बाहेर सोफ्यावर एक गृहस्थ डुलक्या घेत बसले होते. त्यांना आत बोलावलं, ते उठले, आणि त्यांच्या पाठीमागून माझी बस निघाली. बिनचाकांची. मला वाटलं, दुखण्याने डोकं फिरलंय. शेजारच्या उशीवर बादली, तिच्यामागे निळी ओळ. खुर्चीतल्या उशीवर तुमच्या दादाचे बूट, टोकं बाहेर. मी उठले आणि कोपऱ्यातल्या उशीपाशी गेले. तिच्यावर पाळणा होता. पाळण्यात बाळ होतं. गुबगुबीत, गुलाबी गालांचं, डोळे मिटलेलं, अंगावर पिवळं पांघरूण.

त्यानंतर माझी दाढ काढली म्हणतात.

चिठ्ठ्या देणाऱ्या मुलीला विचारलं, या उशा कुठल्या. ती म्हणाली, डॉक्टरांच्या बायकोने बसस्टँडजवळच्या मोठ्या दुकानातून आणल्या, फार छान आहेत ना? मी तोंडात कापूस धरून त्या दुकानात गेले. तिथे अख्खी भिंत भरली होती. माझी भिंत रिकामी आणि त्यांची भरलेली.

प्रत्येक उशीला एक कार्ड बांधलंय. "स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून माझ्या आईने भरलेलं तिचं आयुष्य. कोपऱ्यातला चष्मा म्हणजे ती स्वतः." खाली तुमचं नाव.

तुमच्या आईला सदऱ्याचं बटण लावायचं झालं तरी हाक मला असायची. ज्या चष्म्याखाली जीव मुठीत धरून मी भरलं, त्याच चष्म्याने आता भरलं म्हणे! वाचता वाचता मला दुकानातच हसू आलं, आणि तोंडातला कापूस पडला.

पुढे लिहिलंय, "चाकं तिला कधी दिसलीच नाहीत. तिने जे पाहिलं ते भरलं." हे माझंच वाक्य. मार्चमध्ये मी तुम्हाला लिहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, जन्मात एकदा कुणीतरी मला विचारतंय. तुम्हाला कार्ड भरायचं होतं. मग जूनमध्ये ती गुळगुळीत चादर आली. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच.

हेही मी गिळलं असतं. गिळायची मला सवय आहे, दाढ असो नसो.

पण प्रत्येक उशीला नाव दिलंय. बादलीचं "सकाळ", बसचं "खिडकी". पाळण्याच्या उशीवर जे नाव छापलंय ते मी या पत्रात लिहिणार नाही. ते मी एकदाच तोंडाबाहेर काढलंय, एका पोरीच्या कानात. दुकानातली मुलगी ते मोठ्याने घेत होती. म्हणाली, "आजी, ही देऊ का बांधून? ही सगळ्यांत जास्त खपते."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचं, तर मला नव्या घराचा पत्ता आठवेना.

केसाने गळा कापणं म्हणतात. तुम्ही दोऱ्याने कापलात. परक्याने केलं असतं तर मी तुमच्याकडेच रडत आले असते. कुंपणानेच शेत खाल्लं, आता कुणाकडे जाऊ?

माझी चादर परत पाठवा. आहे तशी.

वहिनी

८ नोव्हेंबर

वहिनी,

तू मला तुम्ही म्हणालीस. ओ देणार नाही असं मी लहानपणी म्हटलं होतं, पण देतेय.

सगळं खरं सांगते. चादर माझ्या बैठकीच्या खोलीत कधी टांगलीच नव्हती. गाठोडं ऑफिसच्या पत्त्यावर आलं होतं, मी ते कापड कापायच्या टेबलावर उघडलं आणि मालकीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. माझी आधीची डिझाइनं बाजारात पडली होती. नव्या पोरी आल्या होत्या आणि माझं टेबल खिडकीपासून उचलून जिन्याखाली नेलं होतं. जिन्याखालचं टेबल म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं, पुढची पायरी घर. मालकीणबाईंनी विचारलं, कुणाचं हे काम? मी म्हटलं, आमच्या घरचं. त्या म्हणाल्या, आईचं? वहिनी, मी हो म्हणाले नाही. फक्त नाही म्हणाले नाही. मग नाही म्हणायची वेळ निघून गेली. नंतर मी एकदा सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, आई म्हटलं की गिऱ्हाईक उशी हातात घेतं, वहिनी म्हटलं की विचारतं, कोण वहिनी?

कडवाली बाई आजारी नव्हती. कडवाली बाईच नव्हती.

मी चुकले. खोटं बोलले, लपवलं, तुझं ऑगस्टचं पत्र उघडून पुन्हा पाकिटात घातलं. काय म्हणायचं ते म्हण. पण नुसतं वाईट तेवढं बघू नकोस. आईच्या भीतीने जी चादर ट्रंकेत कुजली ती आज घराघरांत गेलीय. बायका आम्हाला पत्रं लिहितात. एकीने लिहिलं, माझ्या आईच्या खिडकीतूनही बसची चाकं दिसायची नाहीत. ते वाचून मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. हे सगळं तुझं आहे गं. कार्डावर काही का असेना, मला माहीत आहे, तुझं आहे.

नावाचं मात्र तू चुकीचं समजतेस. ते मी विकलं नाही. बाकीच्या उशांना नावं सुचली, पाळण्यापाशी आले की तेच नाव समोर यायचं, दुसरं काही सुचेनाच. किती वर्षं ते माझ्यापाशी होतं. त्या दिवशी तुझी मुलगी गेली, पण मीही आत्या व्हायची राहिले, हे कधी कुणाच्या मनात तरी आलं का? तुझ्याही नाही. मी तिच्यासाठी बाहुली ठेवली होती, ती आईने मोलकरणीच्या पोरीला दिली. मला वाटलं, कुठेतरी ते नाव लिहिलेलं दिसावं. लोकांनी ते घ्यावं. यात पाप काय झालं?

आणि एक. ते बाळ मशीनवाल्यांनी घातलेलं नाही. मालकीणबाई म्हणाल्या, मोकळा पाळणा चालणार नाही, लोक म्हणतील भरायचा राहिला, माल परत येईल. मी भांडले, खरंच भांडले. शेवटी भरायचाच आहे तर परक्याचा हात नको म्हणून मीच सुई घेतली. नमुना चादरीवरूनच उचलायचा होता, म्हणून चादरीवरच भरलं. तू शिकवलंस तसंच, उजेडाकडे पाठ न करता, दोरा फार न ओढता. माझ्याकडे तुझ्या हातची एक पिवळी टोपी होती लहानपणची, ती उसवून पांघरूण केलं. भरून झाल्यावर वाटलं, तुझ्या पाळण्यात शेवटी कुणीतरी निजलं.

तू पाहिलंस की राग जाईल. नाही गेला तर काय ते बोल, पण आधी एकदा नीट बघ.

चादर आजच पाठवलीय. कडही लावलीय, माझ्या हाताने.

तुझंच
शेपूट

१७ डिसेंबर

वन्सं,

चादर पोचली. कड चांगली लागलीय. हात तुमचा पहिल्यापासून बरा, मीच बसवला होता.

बाळही चांगलं भरलंय, खोटं कशाला बोलू. गालाला दोन रंग घेतलेत, पापण्यांना उलटी टीप घातलीय, कुठे सुरकुती नाही. तुम्ही नीट बघ म्हणालात म्हणून मी चादर खिडकीशी नेली आणि दुपारभर बघत बसले. कुणीतरी निजल्यासारखं दिसतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

पण ते कोण आहे मला माहीत नाही. माझी मुलगी मी पाहिली होती. नर्सने नको म्हटलं तरी मी पाहिली. ती अशी नव्हती. तिच्या गालांना रंग नव्हता. कपाळावर काळे केस होते, ओले, एका बाजूला वळलेले, आणि हनुवटी तुमच्या दादाची होती. तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. नाव विचारलंत तेव्हा सांगितलंच होतं.

तुम्ही आत्या होणार होतात, हे माझ्या मनात आलं नाही म्हणता? त्या घरात भिंतींनाही कान होते, चष्म्याला तर होतेच. तरी मी नाव सांगायला तुमचाच कान धरला. आत्या होतात म्हणूनच. ते नाव तुमच्या वाट्याचंही होतं, हे मान्य. मग वाटा मागायचा होतात, एकदा येऊन माझ्या पलंगावर बसायचं होतं. आपण दोघींनी दार लावून हवं तेवढ्या वेळा ते घेतलं असतं. तेवढ्यासाठी मी कितीतरी वर्षं थांबले होते, हे मलाही आता कळतंय.

आपल्या या कामाला भरतकाम म्हणतात, त्यामुळे लोकांना वाटतं, मोकळं दिसलं की भरायचं. मालकीणबाईंना तसं वाटलं तर मी समजू शकते. त्या मला ओळखत नाहीत. तुम्हाला मी फेब्रुवारीत स्वच्छ लिहिलं होतं आणि तुम्ही उत्तरात लिहिलंत, कसं विसरेन. तुम्ही विसरला नाहीत हेच तर मला सहन होत नाही.

बाळ उसवलं. डोळ्यांना टाके दिसत नाहीत, म्हणून चादर उलटी मांडीवर घेतली आणि बोटांनी चाचपत एकेक गाठ सोडवली. पांघरूण पटकन निघालं. टोपी मी एकदा तुमच्यासाठी विणली होती, एकदा तुम्ही उसवलीत, आता पुन्हा मी उसवली. त्या लोकरीलाही वाटलं असेल, काय हे घर! गालांना मात्र वेळ लागला. तुम्ही टाके घट्ट घेतलेत, दोन पदरी, निघू नयेत असे. ते काढताना मला रडू आलं. ते बाळ माझं नव्हतं, तरी एका बाळाला निरोप देणं मला दुसऱ्यांदा करावं लागलं.

कापडाला भोकं राहिलीत. शेजारीण म्हणाली, कोमट पाण्यात भिजवा आणि उलटीकडून इस्त्री फिरवा, मिटतील. तसं केलं. काही मिटली.

परवा सुतार आला, खिळ्यांवर चादर लावून दिली. जरा मागे सरून बघत राहिला. म्हणाला, "झकास आहे आजी. बसला चाकं का नाहीत ते कळलं, भिंत आडवी येते ना?" कार्ड न वाचता त्याला कळलं. मला फार बरं वाटलं. मग पाळण्याजवळ वाकून त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "इथलं काहीतरी काढलंय का? पुन्हा भरायचं राहिलंय वाटतं."

मी हो म्हटलं. आता तसंच दिसतं.

उसवलेले दोरे गुंडाळून या पाकिटात घातलेत. गुलाबी वेगळे, पिवळे वेगळे. तुमचे आहेत.

वहिनी